वर्कशॉप करू का, ताई?

"ताई, एक दिवसाचं नॅशनल वर्कशॉप आहे. फी पाचशे, जेवण आणि सर्टिफिकेट त्यातच. करू का?"

पेट झालीय, इंटरव्ह्यूची वाट बघणं चालू आहे, अशा मुलामुलींचे हे मेसेज मला वरचेवर येतात. आत्तापर्यंत मी "कर, काहीतरी शिकायला मिळेल" असं उत्तर देऊन मोकळी व्हायचे. आता तसं उत्तर देत नाही. का, ते आधी सांगते.

आम्हा पीएचडीच्या विद्यार्थ्यांना दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडावी लागते. मागच्या वेळी मी अहवालाला सर्टिफिकेटांची यादी जोडली होती. एकूण तेवीस. मनात थोडा अभिमानही होता. समितीतल्या एका मॅडमनी यादीवरून पेन फिरवलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "यातलं प्रबंधात कुठे कुठे आलंय?" मला तीन नावं सांगता आली. त्यातल्या एकाबद्दल मी ओढूनताणूनच बोलले, आणि ते त्यांनाही कळलं असणार. घरी येताना कुर्ला ते मुलुंड मी हिशोब करत होते. उरलेले वीस कार्यक्रम म्हणजे किती दिवस, किती फी, किती प्रवास, आणि आल्यावर दमून लॅपटॉप न उघडलेल्या किती संध्याकाळी.

हा हिशोब तुम्हाला पीएचडी सुरू करण्याआधीच दाखवावा, म्हणून हा लेख. विषय आहे ग्रंथालय आणि माहितीशास्त्रातल्या संशोधकांसाठी भरणारी वर्कशॉप, सेमिनार, कॉन्फरन्स, कोर्सेस. मी त्यांच्यावर टीका करणार आहे, पण "हे सगळं फुकट आहे" असं माझं म्हणणं नाही. काही कार्यक्रमांनी माझं काम खरंच पुढे नेलं. कोणते आणि का, हे ओळखायला मला चार वर्षं लागली.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे पुढचे संदर्भ लागतील. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं, मग माहितीशास्त्राकडे वळले. माझा विषय आहे मराठी वाचक ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, म्हणजे ओपॅकमध्ये, पुस्तक कसं शोधतात आणि ते असूनही का सापडत नाही.

वेळेची गोष्ट आधी

यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. पुढे पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवता येतात, महिलांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. कागदावर हे भरपूर वाटतं. पण जेआरएफ असेल तर पैसे पाचच वर्षं येतात, आणि नसेल तर तुम्ही नोकरी किंवा तासिका तत्त्वावर शिकवणं सांभाळून हे करत असता. कोर्सवर्क, सिनॉप्सिस, मंजुरी यात पहिलं दीड वर्ष सहज निघून जातं. त्यामुळे वर्कशॉपला दिलेला शनिवार म्हणजे बऱ्याचदा आठवड्यातला तुमचा संशोधनाचा एकमेव दिवस असतो.

आपल्या विषयात ही गोष्ट जास्तच लागते. रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे आणि तो आपण पहिल्याच सेमिस्टरला पाठ करतो. मग आपल्याच क्षेत्रातल्या कार्यक्रमांनी सहभागी माणसाचा वेळ किती वाचवला, हे विचारायला हरकत नसावी.

आपल्या आसपास काय काय असतं

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला खरं तर तक्रार करायला जागा नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा आपला विभाग आहे. त्याच आवारात जे. पी. नाईक भवनात आयसीएसएसआरचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. देवनारला टिस आहे, लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, पवईला आयआयटी आहे. एसएनडीटीचं ग्रंथालयशास्त्राचं विद्यालय चर्चगेटला आहे, पण तेही लोकलच्या टप्प्यात. शिवाय अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात इतकी कॉलेजं आहेत की जानेवारी-फेब्रुवारीत एकाच शनिवारी दोन-तीन ब्रोशर व्हॉट्सॲपवर येतात.

त्यांचे ढोबळ प्रकार असे. एक-दोन तासांचा वेबिनार. एक दिवसाचं टूल शिकवणारं वर्कशॉप, ज्यात कोहा, डीस्पेस, झोटेरो, मेंडेली, व्हॉसव्ह्यूअर यांपैकी काहीतरी असतं. एक-दोन दिवसांची राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स, जिथे पेपर वाचायचा असतो. शिक्षकांसाठीचा आठवडाभराचा एफडीपी, ज्यात संशोधकांनाही घेतात. पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठीचा दहा दिवसांचा संशोधन पद्धतीचा कोर्स. आणि ज्याबद्दल आपण फक्त परदेशी संकेतस्थळांवर वाचतो, ते डॉक्टोरल कलोक्वियम.

ही यादी कालावधीप्रमाणे लावलीय असं वाटेल. पण मला त्यातला खरा फरक वेगळाच दिसतो. पहिल्या प्रकारांत तुमचं स्वतःचं काम कोणी बघत नाही. शेवटच्या दोनांत बघतात.

एवढे कार्यक्रम होतात कोणासाठी?

हे समजून घ्या, म्हणजे अपेक्षा योग्य ठेवता येतील आणि आयोजकांवर रागही येणार नाही.

यूजीसीच्या २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक पेपर छापणं आणि कॉन्फरन्स किंवा सेमिनारमध्ये दोन पेपर वाचणं सक्तीचं होतं. पुरावा म्हणून सादरीकरणाची सर्टिफिकेटं जोडायची होती. देशभरच्या हजारो विद्यार्थ्यांना दोन-दोन सर्टिफिकेटं लागणार म्हटल्यावर ती देणाऱ्या जागाही तयार होणारच. २०२२च्या नियमांत ही सक्ती निघाली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलीय का, ते मात्र तपासून घ्या. नियम गेला तरी सवय राहिली.

दुसरं कारण नॅकचं. कॉलेजचं मूल्यांकन होतं तेव्हा संशोधन पद्धती, बौद्धिक संपदा आणि उद्योजकता यांवर किती वर्कशॉप आणि सेमिनार घेतले, हे विचारणारा रकाना अहवालात असतो. विचारतात ती संख्या. सहभागी मुलांनी पुढे काय केलं, हे त्या रकान्यात मावत नाही. मग दीपप्रज्वलनाचा फोटो, बॅनरसकट ग्रुप फोटो, हजेरीपत्रक आणि फीडबॅक फॉर्म यांची जी धावपळ तुम्ही बघता, तिचा उगम कळतो. आयोजक प्राध्यापक वाईट नसतात. त्यांच्यापुढे जो तक्ता आहे, तो ते भरत असतात.

तिसरं कारण शिक्षकांच्या गुणांचं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांतला संशोधन गुणांचा तक्ता एकदा उघडून बघाच. राष्ट्रीय कार्यक्रमात निमंत्रित व्याख्यान दिलं किंवा पेपर वाचला तर ३ गुण, राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २. समोर बसून ऐकणाऱ्याला त्यात काहीच नाही. त्याच नियमांत असिस्टंट प्रोफेसरच्या मुलाखतीसाठी उमेदवार निवडायचे जे निकष आहेत, त्यात पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, नेट-जेआरएफ, प्रकाशनं, अनुभव, पुरस्कार यांना गुण आहेत. वर्कशॉपला हजर राहिल्याचे गुण नाहीत. "सर्टिफिकेट नोकरीला उपयोगी पडेल" म्हणून फी भरत असाल, तर हा तक्ता समोर ठेवून मगच भरा.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये हे सगळं उघडंनागडं दिसलं. त्या मे-जूनमध्ये वेबिनार बघून शेवटी गूगल फॉर्मवरच्या प्रश्नमंजूषेत पास झालं की ई-सर्टिफिकेट मेलवर यायचं. काही ठिकाणी तर वेबिनारही नसायचा, फक्त प्रश्नमंजूषा. माझ्या तेवीसपैकी सात त्या दोन महिन्यांतली आहेत. तेव्हा मी पीएचडीला नव्हतेही. नुसती जमवत होते.

नकाशा रंगीत आला, पुढे?

आता एका टूल-वर्कशॉपबद्दल सविस्तर बोलते, कारण आपल्या विषयात याच जातीची वर्कशॉप सर्वांत जास्त होतात आणि माझे सर्वांत जास्त महिने यातच गेले.

पश्चिम उपनगरातल्या एका कॉलेजात एक दिवसाचं व्हॉसव्ह्यूअरचं वर्कशॉप होतं. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे रिक्षा. दहाचं उद्घाटन साडेदहाला सुरू झालं आणि पावणेबारापर्यंत चाललं. उरलेल्या वेळात सरांनी स्कोपसमधून आधीच उतरवून ठेवलेली फाइल दिली, कुठलं बटण कुठे ते दाखवलं, आणि चार वाजता सगळ्यांच्या पडद्यावर लाल-निळ्या-हिरव्या गोळ्यांचा एकच नकाशा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

व्हॉसव्ह्यूअर हे साधन चांगलं आहे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या फान एक आणि वॉल्टमन यांनी ते केलं, त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख २०१०चा. कोणते शब्द किंवा कोणते लेखक एकत्र येतात, ते मोजून जवळ-लांब मांडणं हे त्याचं काम. पण तो नकाशा निघण्याआधी माणसाने घ्यायचे काही निर्णय असतात. शब्द किमान किती वेळा आला तर धरायचा? पाच लेखकांचा पेपर प्रत्येकाच्या नावावर पूर्ण मोजायचा की वाटून? एकच अर्थ असलेले वेगवेगळे शब्द एक करायचे का? या तिन्हींची सोय त्यात आहे. एकही निर्णय बदलला की नकाशा बदलतो. त्या दिवशी आम्ही तिन्ही ठिकाणी आधीपासून जे होतं तेच ठेवून "नेक्स्ट" दाबलं.

त्यानंतर मी चार महिने लावून ग्रंथालयांच्या तालिकांवरच्या जागतिक संशोधनाचा एक ग्रंथमितीय पेपर केला. त्यातल्या नकाशात "लायब्ररी" आणि "लायब्ररीज" असे दोन वेगळे गोळे आहेत, अनेकवचनाला स्वतःचा संसार. शब्द एक करायची फाइल बनवतात, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. पेपर छापून आला. नियतकालिक यूजीसी-केअर यादीत होतं याचा मला आधार वाटला होता. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने ती यादीच बंद केली आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी परत आपल्यावर आली. पण खरं दुखणं ते नाही. तो पेपर माझ्या प्रश्नाचं काहीच सांगत नव्हता. मराठी वाचक तालिकेत कसा शोधतो याचं उत्तर स्कोपसमध्ये असणार कुठून? मराठीत छापल्या जाणाऱ्या संशोधनाला तिथे जवळपास जागाच नाही. मी ज्या विहिरीत पाणी नव्हतं, तिथे चार महिने रहाट ओढत होते. रहाट मात्र नवा कोरा होता.

या वर्कशॉपबद्दल माझी टीका एवढीच आहे की साधन शिकवलं, पण ते कोणत्या प्रश्नाला लागू पडत नाही हे कोणी सांगितलं नाही. दिवसभरात "तुमचा विषय काय?" हे एकदाही विचारलं गेलं नाही. तीस-चाळीस जणांचे तीस-चाळीस विषय आणि फाइल एक. विषय सांगितला असता, तर सरांनी पाच मिनिटांत म्हटलं असतं, "तुम्हाला हे नको." ती पाच मिनिटं मला चार महिन्यांना पडली.

चहाच्या वेळचं

पण याच वर्कशॉपने मला माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण दिलं, हेही सांगायला हवं.

दुपारच्या चहाला शेजारी एका कॉलेजच्या ग्रंथपाल बाई होत्या. बावीस-तेवीस वर्षांची नोकरी. मी विषय सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे 'ॲटलस' शोधलं तर निम्मे ॲटलस दिसत नाहीत. कपाटात असतात, पण कॉम्प्युटर नाही म्हणतो." त्यांनी कारण शोधायचा प्रयत्न केला होता, सापडलं नव्हतं.

कारण मजेदार आहे, ऐका. "ॲ" हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र म्हणून २००८ साली आलं. त्याआधीपासून, आणि आजही अनेक कीबोर्डांवर, लोक "अ" लिहून त्यावर चंद्र देतात. डोळ्यांना "ॲटलस" आणि "अॅटलस" जवळपास सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द आहेत. तीच गोष्ट "दुसऱ्या" आणि "दुसर्‍या" यांची. एकात नुक्तावाला ऱ आहे, दुसऱ्यात साधा र आणि त्याला जोडून एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्या महायुद्धावरची पुस्तकं शोधणाऱ्या वाचकाने एका पद्धतीने टाइप केलं आणि नोंद करणाऱ्याने दुसऱ्या, की पुस्तक नाही. आणि युनिकोडचं जे प्रमाणीकरण असतं, ते या दोन्ही जोड्यांना एक मानत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर आपोआप हे सांभाळून घेईल अशी आशा करता येत नाही. नियम आपल्यालाच लिहावे लागतात.

हे मला कुठल्याही व्याख्यानातून कळलं नसतं. आपल्या क्षेत्राचं वैशिष्ट्य हे आहे की आपल्या कार्यक्रमांत संशोधक आणि रोज काउंटरवर उभे राहणारे ग्रंथपाल एकाच खोलीत असतात. प्रश्न त्यांच्याकडे असतात, मोकळा वेळ आणि पद्धत आपल्याकडे असू शकते. वेळापत्रकात मात्र उद्घाटनाला सव्वा तास आणि चहाला पंधरा मिनिटं असतात. हे उलटं केलं, ग्रंथपालांना आपापले न सुटलेले तीन प्रश्न घेऊन यायला सांगितलं आणि तासभर त्यावर संशोधकांना बसवलं, तर वेगळ्या रिसोर्स पर्सनची गरजही कमी पडेल. यासाठी जास्तीचा एक रुपया लागत नाही.

जिथे तुमचं काम कोणीतरी बघतं

आयसीएसएसआरच्या मदतीने विद्यापीठं आणि कॉलेजं पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचे संशोधन पद्धतीचे कोर्स घेतात. अशाच धर्तीचा एक कोर्स मी केला. त्याची ताकद म्हणजे दहा दिवस. तिसऱ्या दिवसापर्यंत लोक एकमेकांना नावाने ओळखतात, सातव्या दिवशी तुमच्या प्रश्नावलीवर कोणीतरी लाल पेन चालवतं. माझ्या प्रश्नावलीत "तुम्हाला ओपॅक वापरायला सोपा आणि उपयुक्त वाटतो का?" असा प्रश्न होता. शेजारच्या अर्थशास्त्राच्या मुलाने विचारलं, "सोपा आहे पण उपयुक्त नाही, असं म्हणायचं असेल तर मी कुठे टिक करू?" एका वाक्यात दोन प्रश्न. पुस्तकात हे मी वाचलं होतं, तरी स्वतःच्या कागदावर दिसलं नव्हतं.

कमतरता अशी की हे कोर्स सगळ्या समाजशास्त्रांसाठी असतात, त्यामुळे भर सर्वेक्षण, नमुना आणि एसपीएसएसवर असतो. आपल्याकडचा कच्चा माल वेगळा आहे. तालिकेतल्या नोंदी, शोधांचे लॉग, मेटाडेटा. लोकांना "तुम्ही कसं शोधता?" असं विचारणं आणि त्यांनी खरोखर काय टाइप केलं हे लॉगमध्ये बघणं, यात फार अंतर असतं. ते लॉग साफ कसे करायचे, हे त्या दहा दिवसांत नव्हतं आणि असणं अपेक्षितही नाही.

ते मला लायब्ररी कार्पेंट्रीच्या धड्यांतून मिळालं. सॉफ्टवेअर कार्पेंट्री नावाचा जुना उपक्रम आहे, ग्रेग विल्सन यांनी १९९८मध्ये सुरू केलेला, शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंगच्या चांगल्या सवयी शिकवणारा. त्याच धर्तीवर २०१५मध्ये जेम्स बेकर यांनी लंडनमध्ये ग्रंथालयाच्या लोकांसाठी लायब्ररी कार्पेंट्री सुरू केली. शिकवायची रीत बघण्यासारखी आहे. शिक्षक स्लाइड दाखवत नाही. तो तुमच्यासमोर टाइप करतो, चुकतो, चूक सुधारतो, आणि तुम्ही त्याच्याबरोबर टाइप करता. प्रत्येकाकडे दोन रंगांचे चिकट कागद असतात. जमलं की एक लॅपटॉपवर लावायचा, अडलं की दुसरा. शिक्षकाला मान वर केली की कळतं, वर्ग कुठे अडलाय. आपल्याकडे "समजलं ना सगळ्यांना?" विचारल्यावर जो एकसुरात "होऽ" येतो, त्यापेक्षा हे किती खरं आहे.

हे धडे मुक्त परवान्यात आहेत, कोणीही वापरावेत. मी वर्कशॉपची वाट बघितली नाही. आम्ही तिघीजणी घाटकोपरला एकीच्या घरी सलग चार रविवार बसलो आणि ओपनरिफाइनचा धडा केला, पण नमुन्याच्या फाइलऐवजी स्वतःची फाइल घेऊन. ओपनरिफाइनमध्ये एका रकान्यातल्या सगळ्या वेगळ्या किमती आणि त्या किती वेळा आल्यात, ते बाजूला उभ्या यादीत दिसतं. मी लेखकांची नावं तिथे टाकली आणि एकाच लेखकाची नावं आडनाव आधी, नाव आधी, आद्याक्षरं, टिंब देऊन, टिंब न देता अशी उतरंडीसारखी समोर आली. "ॲ" आणि "अॅ" वेगवेगळ्या ओळींत उभे होते. सर्टिफिकेट नाही, फोटो नाही, बॅनर नाही. त्या चार रविवारांतून प्रबंधाची बारा पानं निघाली.

राहता राहिलं डॉक्टोरल कलोक्वियम. असिस्ट ही माहितीशास्त्राची जुनी आंतरराष्ट्रीय संस्था, १९३७ साली वेगळ्या नावाने स्थापन झालेली. तिच्या वार्षिक संमेलनात, आयस्कूल्सच्या आयकॉन्फरन्समध्ये, आणि डिजिटल ग्रंथालयांवरच्या जेसीडीएल कॉन्फरन्समध्ये पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी असा वेगळा भाग ठेवतात. अर्जासोबत संशोधनाचा काही पानी आराखडा द्यायचा असतो. निवडलेल्या थोड्या विद्यार्थ्यांचे आराखडे दुसऱ्या विद्यापीठांतले अनुभवी संशोधक आधी वाचून येतात आणि त्यावर बोलतात. विद्यार्थ्याने काम संपवून "पेपर" आणायचा नसतो, अर्धवट काम आणायचं असतं. आपल्या कॉन्फरन्समध्ये बरोबर उलटं होतं. पाच-सात मिनिटांत पूर्ण झालेला पेपर वाचायचा, वेळ संपल्याची घंटा वाजते, प्रश्नांना वेळ उरत नाही, पुढचा.

विमानाचं तिकीट आपल्याला परवडत नाही, मान्य. पण या प्रकारात महाग असं काही नाहीच. पाच पानं, ती आधी वाचणारी दोन माणसं आणि पाऊण तास. कलिना, चर्चगेट, देवनार या एकाच शहरातल्या तीन ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन शनिवारी एकमेकांचे आराखडे वाचायचे ठरवले, तरी ते उभं राहतं. नॅकच्या रकान्यातही ते "वर्कशॉप" म्हणून बसेल, त्याची काळजी नको.

ब्रोशर वाचताना

तर "करू का, ताई?" याचं माझं उत्तर आता असं असतं. ब्रोशर उघडा आणि पाच गोष्टी बघा.

१. तुमच्याकडून आधी काही मागितलंय का? आराखडा, प्रश्नावली, स्वतःची फाइल, निदान विषयाच्या चार ओळी. फक्त फीची पावती मागितली असेल, तर तिथे तुम्ही संख्या आहात.

२. प्रत्यक्ष काम किती तास आहे? उद्घाटन, सत्कार आणि समारोप वजा करून बघा.

३. किती जण घेणार? लॅपटॉपवरचं काम आणि दोनशे जणांचं सभागृह, हे जमत नाही.

४. शिकवणाऱ्याने ते साधन स्वतःच्या संशोधनात वापरलंय का? नाव शोधा, एक लेख वाचा. अर्धा तास लागतो.

५. हेच घरी बसून मिळेल का? इन्फ्लिबनेटच्या कॅलिबर अधिवेशनांतले जुने निबंध त्यांच्या संग्रहात खुले आहेत. शोधगंगेवर प्रबंध खुले आहेत, त्यातली पद्धतीची प्रकरणं म्हणजे फुकटचं वर्कशॉपच. जे तिथे मिळत नाही, ते म्हणजे माणसं. म्हणून माणसांसाठी जा.

पाचपैकी तीन उत्तरं बरी असली तर जा. आणि गेल्यावर पहिल्या रांगेत बसण्यापेक्षा चहाच्या रांगेत लवकर उभे राहा.

एक अपवाद सांगते. पहिल्या सहा महिन्यांत, विषय ठरलेला नसताना, चार-पाच ठिकाणी नुसतं हिंडलात तरी चालेल. क्षेत्रात कोण काय करतंय ते कळतं, भीड चेपते. मीही तशीच बोलायला शिकले. फक्त विषय मंजूर झाला की हिंडणं बंद करा. मला ते करता आलं नाही, कारण सर्टिफिकेट मिळालं की काम झाल्यासारखं वाटायचं, आणि लिहायला बसलं की तसं कधीच वाटत नाही.

पुढचा प्रगती अहवाल डिसेंबरात आहे. यावेळी यादीत दोनच नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे प्रबंधाचा पान क्रमांक लिहिलाय. त्या ग्रंथपाल बाईंना मी तिसरं प्रकरण वाचायला पाठवलंय. त्यांचा निरोप आला, "वाचते, पण आधी आमचे ॲटलस शोधून द्या." येत्या शनिवारी त्यांच्याकडेच जातेय.